आण्णांची नजर

"मुलगा म्हणून नाही, एक खेळाडू म्हणून बघा त्याच्याकडं आणि सांगा," प्रसाद वडणगेकर म्हणाला आणि टेबलावरचा माइक त्यानं आण्णांच्या बाजूला जरा सरकवला. "संग्राम इंगवलेचं ह्या सीझनला काय बिघडलंय?"

मी काचेच्या अलीकडे, आवाजाचा मिक्सर सांभाळणाऱ्या माणसाच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. आण्णांचा उजवा हात तेव्हा प्लास्टरमध्ये होता, स्कूटर चालवता येत नव्हती. म्हणून सोमवारी मी शिकवायचे ती शाळा सुटली की मी त्यांना केबलच्या चॅनलवर घेऊन यायचे आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबायचे. चॅनल म्हणजे खासबागेजवळ फरसाणाच्या दुकानावरची एक खोली. माइक आवाज पकडतो म्हणून कार्यक्रम सुरू झाला की एसी बंद करत. त्यामुळे आत बसलेली माणसं दहा मिनिटांत घामानं भिजायची आणि खालून तळणीचा वास वर यायचा. भिंतीवर स्टेडियमच्या भरलेल्या गॅलरीचा फ्लेक्स लावलेला होता. त्यापुढे बसून आमचे आण्णा, हिंदुराव इंगवले, कोल्हापूरला फुटबॉल समजावून सांगायचे.

तसं त्यांचं लक्ष्मीपुरीत गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान. आयुष्यात ते पेठेतल्या तालमीच्या फुटबॉलच्या पहिल्या टीममध्ये कधी खेळले नाहीत. दुसऱ्या टीममध्ये काही काळ बाकावर बसले, तेवढंच. पण गॅलरीत त्यांच्या शेजारी जागा मिळावी म्हणून माणसं तास तास आधी येत. मॅच सुरू असताना आण्णा सहज, सुपारी कातरत बोलल्यासारखं बोलायचे आणि आजूबाजूची चार बाकं गप्प होऊन ऐकायची. डावा बॅक दमलाय, आता गोल तिकडनं जाईल. आणि जायचा. सगळ्याच वेळा जायचा असं नाही, पण जेव्हा जायचा तेव्हाचं लोकांच्या लक्षात राहायचं.

मोठ्या चॅनलवर सूट घालून बसणाऱ्या तज्ज्ञांवर त्यांचा फार राग. ते म्हणायचे, ही तिघं मॅच संपल्यावर आपल्याला सांगतात काय झालं ते. आपण काय डोळे मिटून बसलो होतो? पेपरवाल्यांवरही राग. क्रिकेटवाल्याचं बोट दुखलं तर पानभर आणि फुटबॉलची फायनल बोटभर, तीही खेळाडूचं नाव चुकवून. पैशावाल्या नव्या लीगबद्दल म्हणायचे, परदेशात दमलेली माणसं इकडं आणून उभी करतात आणि आपली पोरं त्यांना पाणी देतात. ही वाक्यं लोक चहाच्या गाड्यावर आपली म्हणून वापरायचे. त्यातूनच प्रसादला कार्यक्रमाची कल्पना सुचली. आण्णांना एक नवा पैसा मिळत नव्हता आणि मागायचं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. रस्त्यानं जाताना अनोळखी माणसं थांबून "आण्णा, सोमवारी जोरात" म्हणायची. त्या दिवशी ते दोन घास जास्त जेवायचे.

आणि संग्राम हा त्यांचा मुलगा, माझा धाकटा भाऊ.

संग्राम स्टॉपर खेळायचा. म्हणजे गोलकीपरच्या पुढं उभा राहून येईल ते अडवायचं. उंच, मान जाड, आणि हवेतला चेंडू म्हणजे त्याचाच. तालमीकडून दोन सीझन गाजवल्यावर गोव्यातल्या एका व्यावसायिक क्लबानं त्याला नेलं. आमच्या पेठेत फुटबॉलवर जगलेला तो पहिला. बाकीचे सगळे कुठं ना कुठं नोकरीला लागून, कामावरून सुटल्यावर खेळणारे. त्याला सोडायला स्टँडवर हलगी घेऊन माणसं आली होती.

त्या सीझनला मात्र त्याचं सगळं बिनसलं होतं. दिवाळीनंतर एका मॅचमध्ये हेडरला उडी मारताना समोरच्या स्ट्रायकरचं डोकं त्याच्या कपाळावर आपटलं. भुवईवर टाके पडले. टाके निघाल्यावर तो परत खेळायला लागला, पण बाजूनं आलेले चेंडू त्याच्या डोक्यावरून जायला लागले. क्लब हरायला लागला. पेठेत प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणायचं पैसा डोक्यात गेला, कुणी म्हणायचं गोव्याची हवा लागली, कुणी त्याचं लग्न ठरवायला निघालं.

आण्णा तेवढे ह्यावर बोलायचे नाहीत. फोन आला की विषय बदलायचे. त्या सोमवारी कार्यक्रमाच्या आधी प्रसाद त्यांना चहा देताना माझ्यासमोरच म्हणाला, लोक बोलायला लागलेत. आण्णा सगळ्यांची सालं काढतात, पोराचं तेवढं झाकतात. आण्णांनी चहा अर्धा ठेवला.

आणि आता माइक त्यांच्यासमोर होता. ते टेबलाकडे बघत होते. मग मान वर करून सरळ कॅमेऱ्यात बघितलं.

"संग्राम हेडरला भितो," ते म्हणाले.

प्रसादनं हातातला कागद खाली ठेवला.

"बॉल वर असतो तोवर त्याचं बरोबर आहे. खाली यायला लागला की बघा. मान आत ओढतो, डोळे मिटतो. डोक्याला लागल्यापासनंच. तो बॉलवर जात नाही, बॉल चुकवतो. भीती एकदा बसली की ती निघत नाही. पोरगा संपला तसा. हे तिथल्या कोचला दिसलं नाही, तज्ज्ञांना दिसलं नाही. मला इथं घरात बसून टीव्हीवर दिसलं."

"ह्याला म्हणतात नजर," प्रसाद हळूच म्हणाला. लगेच फोनचे दिवे लुकलुकायला लागले. मिक्सरवरचा माणूस माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, काळीज लागतं असं बोलायला."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. स्कूटरवर मागं बसलेल्या आण्णांना मी विचारलं की कालपर्यंत संग्राम घरीच होता, त्याला हे तेव्हाच सांगितलं असतं तर चाललं नसतं का? ते म्हणाले, खरं ते खरं. लोक माझ्याकडे त्यासाठीच येतात. घरी आईनं कार्यक्रम बघितला होता. तिनं ताटं वाढली, भाकरी टाकली आणि रात्रभर आण्णांशी एक शब्द बोलली नाही.

व्हॉट्सअॅप तेव्हा नुकतंच लोकांच्या हातात आलं होतं. कार्यक्रमाचा तेवढाच तुकडा कापून कुणीतरी पुढं पाठवला आणि दुसऱ्या दिवशी माझ्या शाळेच्या स्टाफरूममध्ये तो तीन फोनवर वाजत होता. मग तो गोव्याला पोचला. तिथल्या एका पेपरनं छोटी बातमी केली, ती एका इंग्रजी वेबसाइटनं उचलली. बापच म्हणतो पोरगा भितो, असं तिचं शीर्षक. मी संग्रामला फोन लावत राहिले. तो घेत नव्हता. एकदाच घेतला आणि म्हणाला, ताई, शनिवारी मॅच आहे, नंतर बोलतो.

शनिवारची मॅच टीव्हीवर होती. आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तालमीचे लोक, गल्लीतली पोरं, दुकानातली गिऱ्हाइकं. चपला जिन्यापर्यंत. आण्णा मधल्या खुर्चीत, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून.

समोरच्या टीमनं सुरुवातीपासून एकच केलं. चेंडू मिळाला की उंच उचलून संग्रामवर टाकायचा. दुसरं काही नाही. डावीकडून, उजवीकडून, अगदी मधूनसुद्धा. कॉमेंटेटरला तो तुकडा माहीत होता. तो हसत हसत म्हणाला की डिफेंडरच्या वडिलांनी सगळ्यांचं काम सोपं करून ठेवलंय. पहिले दोन चेंडू संग्रामनं काढले. तिसऱ्याला तो उशिरा उडाला. चौथा त्याच्या खांद्याला लागून मागे पडला आणि गोल झाला. मग त्यांनी तो क्षण हळू करून दाखवला. संग्रामच्या चेहऱ्याभोवती पांढरं वर्तुळ काढलं. त्या वर्तुळात माझा भाऊ डोळे घट्ट मिटून, तोंड वेडंवाकडं करून हवेत होता.

खोलीत कुणीतरी म्हणालं, "आण्णा, तुमचा शब्द न् शब्द खरा."

आण्णांनी मान हलवली. ते खूश झाले असं मी म्हणणार नाही. पण त्यांनी मान हलवली. आई दारात उभी होती, ती आत गेली आणि नळाचं पाणी सोडल्याचा आवाज आला. बराच वेळ ते नुसतं वाहत होतं.

मध्यंतरानंतर संग्राम मैदानावर आला नाही. ड्रेसिंग रूममध्ये त्याला उलटी झाली होती, हे आम्हाला नंतर कळलं. क्लबच्या डॉक्टरनं डोक्याची तपासणी केली. जुन्या माराचं रक्त आत साकळलेलं निघालं. त्या डोक्यानं तो इतके दिवस खेळत होता. आणखी एखादा दणका बसला असता तर जागच्या जागी गेला असता, असं इथल्या डॉक्टरनंही रिपोर्ट बघून सांगितलं. ऑपरेशन लागलं नाही, औषधांवर निभावलं. पण फुटबॉल बंद. क्लबनं सांगितलं की यानं आजार लपवला, खोटं बोलला. करार मोडला. दुपारच्या बसनं तो दोन बॅगा घेऊन आला. ह्या वेळी स्टँडवर फक्त मी होते.

त्यानंतर गावात जे बोललं जायला लागलं ते असं: बापाच्या नजरेनं पोरगा वाचला. आण्णा बोलले नसते तर मॅच तशी झाली नसती, तपासणी झाली नसती, आणि पोरगा एखाद दिवशी मैदानातच पडला असता. ह्यात चूक काय काढणार? मलाही काढता आली नाही. ज्या पेपरवाल्यांना आण्णा शिव्या घालत त्यातला एक घरी आला. फोटोग्राफरनं संग्रामला आण्णांच्या शेजारी बसवलं आणि आण्णांना म्हणाला, खांद्यावर हात ठेवा. तो फोटो दुकानात फ्रेम करून लागला.

संग्राम काही बोलायचा नाही. भांडला नाही, रडला नाही. आण्णा घरात आले की उठून गच्चीवर जायचा. बरं वाटायला लागल्यावर त्यानं गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत डिस्पॅचला नोकरी धरली. लग्न केलं, तिकडंच उजळाईवाडीला दोन खोल्या घेतल्या. सणाला यायचा, आईला भेटायचा, जेवायचा आणि जायचा. स्टेडियमकडं त्यानं पाऊल टाकलं नाही. त्याच्या घरात टीव्ही होता, पण त्यावर कार्टून लागायचं. मला वाटायचं, खेळ सुटल्याचं दुःख आहे. बापानं चारचौघांत सांगितलं ह्याचा राग आहे. वर्षं गेली की निवळेल.

वर्षं गेली. आण्णांची सत्तरी झाली तेव्हा तालमीनं त्यांचा सत्कार ठेवला. कोल्हापुरी फेटा, शाल, श्रीफळ, खासदारांच्या हस्ते मानपत्र. भाषणात आण्णांनी संग्रामची गोष्ट सांगितली. मी ती तोवर कितीतरी वेळा ऐकली होती आणि दर वेळी ती थोडी मोठी व्हायची. ह्या वेळी त्यांनी सांगितलं की टीव्हीवर पोराचे मिटलेले डोळे बघून त्यांना रात्र रात्र झोप लागली नाही. बाप म्हणून जीभ रेटत नव्हती, पण फुटबॉलशी बेइमानी कशी करणार? मंडपात बायका डोळे पुसत होत्या. मीसुद्धा पुसले.

संग्राम आला नव्हता. दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून मी पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्याकडे गेले. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती. तो बाहेर मोटरसायकल धूत होता. मी त्याला म्हटलं, यायला हवं होतंस. तुझ्याबद्दलच बोलले सगळं. एवढं मनात धरून बसायला काय झालंय? त्यांनी ओळखलं म्हणून तू आज आहेस.

तो गाडी धूतच राहिला. मग नळ बंद केला.

"त्यांनी ओळखलं नव्हतं, ताई. मी सांगितलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. रविवारी," तो म्हणाला. "मी दोन दिवस आलो होतो घरी. सकाळी आम्ही दोघं जोतिबाला गेलो. येताना वाघबीळला चहाला थांबलो, तिथं सांगितलं. म्हटलं, आण्णा, डोक्याला लागल्यापासनं मला खाली येणारा चेंडू दोन दिसतो. कुठल्यावर जायचं कळत नाही. कानात वाजतं. आत्तापर्यंत कुणाला बोललो नाही."

"मग?"

"मग काय. मंगळवारी आमच्या कोचला सांगणार होतो. लोबो सर म्हणून होते. चांगला माणूस. त्यांनी मला आधीच म्हटलं होतं, पुढं कधी खेळणं थांबवलंस तर इथंच थांब, लहान पोरांना शिकव. क्लबाची शाळा काढणार होते ते. आण्णांना विचारलं, सरांना कसं सांगू? ते म्हणाले, नीट सांग, घाबरू नको. मी त्या रात्रीच्या बसनं गेलो. पण सर मुंबईला गेले होते, बुधवारी येणार होते. आणि सोमवारी आण्णा टीव्हीवर बोलले."

तो ओल्या फडक्याचे पिळे घालत होता.

"मॅनेजरनं बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, तुझा बाप म्हणतो ते खरं आहे का, तू भितोस? मी काय सांगू? भित नव्हतो मी, ताई. मला दोन दिसत होते. आण्णांना मी चेंडू दोन दिसतात म्हणून सांगितलं, त्यांनी लोकांना भितो म्हणून सांगितलं. मी म्हटलं, नाही, खोटं आहे, म्हातारा माणूस आहे, काहीतरी बोलतो. मला काही झालेलं नाही. शनिवारी बघा म्हटलं." त्यानं फडकं सीटवर टाकलं. "तेच त्यांनी नंतर कागदावर घातलं. विचारलं तेव्हा खोटं बोलला. लोबो सर म्हणाले, मला येऊन सांगितलं असतंस तर मी काहीतरी केलं असतं. आता माझ्या हातात काही नाही."

पेढ्यांचा पुडा माझ्या हातातच होता. मी विचारलं, इतकी वर्षं बोलला का नाहीस?

"काय बोलायचं? मी जिवंत आहे की. सगळं गाव म्हणतंय त्यांनी वाचवलं. वाचलो ते खरंच आहे."

त्यानं मला चहा करून दिला. मुलीच्या शाळेबद्दल बोलला. मी निघताना पेढे घेतले त्यानं. कुणाला बोलू नकोस असंही तो म्हणाला नाही. बोलून काही होईल असं त्याला वाटतच नसावं.

मी तिथून सरळ माहेरी गेले. संध्याकाळ झाली होती. आण्णा टीव्हीसमोर बसून इंग्लंडमधली मॅच बघत होते. सत्काराचा हार खुंटीला होता. मी आवाज कमी केला आणि समोर बसून विचारलं.

"वाघबीळला?" ते म्हणाले. "चहा प्यायलो होतो, हां. सांगितलं असेल काहीतरी."

"काहीतरी नाही, आण्णा. चेंडू दोन दिसतात म्हणून सांगितलं."

"असेल. पण वैजू, मला त्याच्या आधीच दिसलं होतं."

"मग आधीच्या सोमवारी का नाही बोललात? त्याच्या आधीच्या?"

ते पडद्याकडं बघायला लागले. मी त्यांच्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते रागावतील, नाहीतर खाली बघतील. तसलं काही झालं नाही. त्यांच्या तोंडावर शोधल्यासारखं काहीतरी होतं, जुनी गोष्ट आठवताना माणसाच्या तोंडावर असतं तसं. ते खोटं बोलत नव्हते. मला ते स्पष्ट दिसलं. इतक्या वेळा सांगून त्यांच्याकडं आता ती एकच गोष्ट उरली होती. खरी कुठं पडली हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

"सांगितलं नसतं तरी मला दिसलंच असतं," शेवटी ते म्हणाले. "आवाज वाढव जरा."

आई स्वयंपाकघराच्या दारात होती. तिनं सगळं ऐकलं असणार. मी तिच्याकडे बघितलं तर ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. जोतिबाहून आले तेव्हा पोरगं हलकं होऊन आलं होतं. आण्णांना सगळं सांगितलंय, आता बरं वाटतंय म्हणाला. काय सांगितलं ते मी नाही विचारलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीवर कळलं."

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी बोलत नाही त्यांच्याशी तेव्हापासनं," ती म्हणाली. "कुणाच्या लक्षात आलं?"

खरंच आलं नव्हतं. जेवण वाढणं, औषध देणं, पाहुण्यांना चहा करणं ह्यात ते कुणाला दिसलं नव्हतं. आण्णांना तर नाहीच.

त्यानंतरच्या सोमवारी मी आईकडेच होते. आण्णा कार्यक्रमाला गेले होते. प्रसाद आता टक्कल पडलेला, चांगला जाड झालेला, पण कार्यक्रम चालूच होता आणि केबलबरोबर मोबाइलवरही दिसायचा. लोकांचे शेरे खाली सरकत असायचे. सत्काराचा विषय निघाला आणि प्रसादनं तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगायला सांगितली. आण्णांनी घोटभर पाणी प्यायलं.

"आजवर कुणाला सांगितलं नाही ते सांगतो," ते म्हणाले. "कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी आम्ही जोतिबाला गेलो होतो. येताना वाघबीळला चहाला थांबलो. पोरगा गप्प होता. मी त्याच्या डोळ्यांकडं बघितलं आणि म्हटलं, संग्राम, खरं सांग, तुला बॉल दोन दिसतात का? तो रडायला लागला. म्हणाला, आण्णा, तुम्ही कसं ओळखलं?"

प्रसादनं चष्मा काढला. खाली शेरे धावायला लागले. सलाम. असा बाप हवा. नजर असावी तर अशी.

आईनं उठून गॅस बंद केला. त्यावर काही नव्हतं.

मी बाहेर जिन्यात येऊन संग्रामला फोन लावला. वाटलं, त्यानं बघितलं नसेल, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी आपण सांगावं. पण त्यानं बघितलं होतं. फाउंड्रीत कुणीतरी मोबाइल आणून दाखवला होता आणि त्याच्या पाठीवर थाप मारली होती.

मी म्हटलं, मी त्यांना विचारलं, त्यातनंच त्यांनी हे घेतलं असणार. हे असं होईल असं मला वाटलं नव्हतं. तो म्हणाला, असू दे. त्याच्या आवाजात राग नव्हता. मागे लोखंड आपटल्याचे आवाज येत होते.

"तू रडला होतास का रे?" मी विचारलं.

मागचे आवाज लांब गेले, तो बाजूला आला असावा.

"नाही बहुतेक," तो म्हणाला. "आता तेही नक्की सांगता येत नाही. ते इतकं बरोबर सांगतात की ऐकताना मलाच वाटलं, असंच झालं असेल."

"तसं नाही झालं, संग्राम. तू मला सांगितलंस की."

"डोक्याला मार मला लागलाय, ताई," तो म्हणाला. "लोक कुणाचं खरं धरतील?"